केसपेपर ते चौदा आकडे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या इचलकरंजीत कापड कुणी एकटा माणूस तयार करत नाही. सूत एकाचं, सायझिंग दुसऱ्याकडे, बीम चढणार तिसऱ्याच्या कारखान्यात. वहिफणी करणारे वेगळे, कांड्या भरणाऱ्या बायका वेगळ्या, माग बिघडला की धावत येणारा जॉबर वेगळा, आणि घडी होऊन गठ्ठा बाहेर पडला की व्यापारी आणखी वेगळा. खर्चीवाला यंत्रमागधारक तर दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीनं विणून देतो. कापड त्याच्या मागावर होतं, पण त्याचं नसतं. ही सगळी माणसं एका शेठजीची नोकर नाहीत. तरीही १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून हा गाडा चाललेला आहे. तो चालतो एका मापावर. बावन्न पिकाच्या कापडाला मीटरमागे मजुरी किती, हे एकदा ठरलं की बाकीच्यांचे हिशेब त्यावरून निघतात. हे पीक शेतातलं नव्हे. एका इंचात आडवे धागे किती बसले, त्याला आमच्याकडे पीक म्हणतात.

हे सगळं सांगायचं कारण असं की, हल्ली आरोग्याच्या क्षेत्रात ‘डिजिटल प्लॅटफॉर्म’ हा शब्द फार ऐकू येतो. पुष्कळांना वाटतं, प्लॅटफॉर्म म्हणजे मोबाइलमधलं ॲप. ॲप हे फक्त दुकानाचं दार झालं. वेगवेगळ्या धन्यांची माणसं, एकमेकांना न ओळखणारी, एका मापावर आणि एका यादीवर काम करायला लागली की प्लॅटफॉर्म तयार होतो. मग त्याच्याभोवती डॉक्टर, लॅब, औषधवाले, विमावाले, संगणकवाले असा पसारा जमतो. मी पडलो बी.ए. झालेला कवी माणूस. संगणकाचं शास्त्र मला सांगता येणार नाही. पण यंत्रमागाच्या गावात जन्म गेल्यामुळं पसारा कसा वाढतो आणि माप कुणाच्या हातात असतं, हे थोडंफार कळतं.

संगणक येण्यापूर्वी आमच्या भागात असा पसारा होता तो मिरजेला. विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये तिथं रुग्णालय सुरू केलं. मिरज रेल्वेचं जंक्शन, त्यामुळं कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून रुग्ण यायला लागले. एका रुग्णालयाभोवती हळूहळू दुसरे डॉक्टर आले, तपासणीच्या प्रयोगशाळा आल्या, औषधांची दुकानं, खाणावळी, लॉज, रिक्षा असं सगळं उभं राहिलं. स्टेशनवर उतरलेल्या माणसाच्या हातातली पिशवी बघून रिक्षावाला विचारायचा, ‘हाडांचे का पोटाचे?’ त्या पिशवीत रुग्णाचा सगळा इतिहास असायचा: केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रेचं मोठं पाकीट. या पद्धतीत दोष पुष्कळ होते. कागद भिजायचे, हरवायचे, उंदीर खायचे. पण आपल्या आजाराचे कागद आपल्या ताब्यात असायचे, आणि ते कुणाला दाखवायचे हे आपण ठरवायचो.

सरकारची वही मात्र त्याच सुमारास वेगळ्या वाटेनं सुरू झाली होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सापडला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी, घरोघर झडत्या. पुण्यात या झडत्यांतून काय घडलं, ते शाळेच्या पुस्तकात आहे. त्याच जानेवारीत मुंबईत वाल्डेमार हाफकिननं प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. लोक लशीला घाबरत होते. तेव्हा खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान पुढे आले. त्यांनी स्वतः टोचून घेतलं, समाजालाही टोचून घ्यायला लावलं, आणि हाफकिनच्या प्रयोगशाळेला आपली जागा दिली. टोचून घेतलेल्यांना दाखले मिळायचे आणि त्या दाखल्यावर काही निर्बंधांतून सूट मिळायची. आरोग्याचा कागद दाखवा आणि पुढे जा, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला तोही हाच १८९७ चा कायदा.

जाता जाता एक गंमत. दाखला, नक्कल, यादी, दप्तर, मोहोर, आणि खुद्द दवाखाना, हे सगळे शब्द फारसी-अरबीकडून मराठीत आले आणि घरचेच झाले. ओटीपी हा शब्दही आता आमच्या कांडीवाल्या मावशींच्या तोंडी बसला आहे. राज्य कुणाचंही असो, कारकुनाचा शब्द लवकर रुळतो.

आपल्याकडे आरोग्याचा खरा प्लॅटफॉर्म उभा राहिला तो मात्र लशीवरून नव्हे, रेशनकार्डावरून. १९९७ पासून राज्यात जीवनदायी योजना होती. हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा मोठ्या आजारांसाठी गरिबाला मदत मिळायची, पण कागद टेबलाटेबलांवरून फिरत राहायचे. शेजारच्या आंध्र प्रदेशात २००७ मध्ये ‘आरोग्यश्री’ आली. तिच्या धर्तीवर २ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्रात आठ जिल्ह्यांमध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये सगळ्या राज्यात गेली. कोल्हापूर जिल्हा तेव्हाच तिच्यात आला. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, वर्षाला एका कुटुंबासाठी दीड लाखापर्यंत उपचार, आणि ९७२ उपचारांची यादी. १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र चालायला लागल्या. पुढे मर्यादा पाच लाखांवर गेली आणि योजना सर्व रेशनकार्डधारकांना खुली झाली.

नावं बदलत गेली. खालची घडी तीच राहिली, आणि ती नीट पाहण्यासारखी आहे. रुग्णालयात शिरताच आरोग्यमित्राचं टेबल. तो रेशनकार्ड आणि ओळखपत्र बघून रुग्णाची नोंद करतो. डॉक्टर आजार ठरवतात. रुग्णालयाचा माणूस रिपोर्ट, फोटो, फिल्म स्कॅन करून संगणकावरून मंजुरीसाठी पाठवतो. दूर कुठंतरी बसलेले डॉक्टर ते तपासतात, शंका काढतात, मंजुरी देतात. शस्त्रक्रिया होते, रुग्ण घरी जातो, मग पुन्हा कागद वर चढतात आणि ठरलेल्या दरानं पैसे रुग्णालयाच्या खात्यात उतरतात. प्रत्येक उपचाराला सांकेतिक क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकाला दर. आमचा बावन्न पिकांचा भाव तो हाच.

या योजनेमुळं किती माणसं वाचली, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारावं. ज्याच्या घरात अँजिओप्लास्टीसाठी दागिने मोडावे लागले असते, त्याला ते मोडावे लागले नाहीत. त्याबद्दल कृतज्ञ राहिलंच पाहिजे. पण इतिहास म्हणून पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. पुष्कळशा छोट्या रुग्णालयांत संगणक, स्कॅनर आणि ते चालवणारा पोरगा आला, तो रुग्णाचा इतिहास नीट ठेवावा म्हणून नव्हे. बिल मंजूर व्हावं म्हणून. त्यामुळं संगणकातली नोंद आजाराची कमी आणि बिलाची जास्त झाली. ज्याचे पैसे मिळतात, ते यंत्रणेला दिसतं.

आता आमच्या मागवाल्याचे आजार बघा. बारा-बारा तास खडखडाटात उभं राहून त्याचे कान जातात. सुताचा पुसडा छातीत बसतो. पायाच्या शिरा फुगतात. कान हळूहळू जातात, त्यासाठी कुणी दवाखान्यात भरती होत नाही. खोकल्यावर बाह्यरुग्ण विभागात गोळ्या मिळतात, आणि बाह्यरुग्ण उपचार या योजनेच्या यादीत बसत नाहीत. शेवटी छाती पार निकामी होऊन तो खाटेवर पडला की यंत्रणेच्या पडद्यावर त्याचं नाव पहिल्यांदा उमटतं. त्याआधीची वीस वर्षं तिच्या हिशेबी कोरीच. कामगार राज्य विमा योजना आहे, पण तिला कामगारांची ठरावीक संख्या लागते, आणि आमच्याकडे चार माग इथं नि सहा माग तिथं. क्षयरोगाचं तेवढं वेगळं झालं. त्याची नोंद देणं २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही सक्तीचं झालं, ‘निक्षय’ नावाची संगणकीय नोंदवही त्याच वर्षी आली, आणि २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी महिन्याला पाचशे रुपये यायला लागले. ते नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. पैसे यायला लागले तशी नोंदही महत्त्वाची झाली.

दुसरी अडचण नावाची. माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी हीच. यंत्र अक्षर बघतं, माणूस बघत नाही. आमच्यात एकच नाव महंमद, महम्मद, मोहम्मद, मुहम्मद असं चार तऱ्हांनी लिहितात आणि इंग्रजीत तर त्याचं नुसतं ‘एमडी’ होतं. कुणाचं शेख पुढं, कुणाचं मागं. बाई कुठं बी, कुठं बानू, कुठं बेगम. रेशनकार्ड मराठीत लिहिणारा कारकून एक, आधार इंग्रजीत भरणारा पोरगा दुसरा, शाळेच्या दाखल्यावर लिहिणारे गुरुजी तिसरे. आमच्या घरातच एकदा असं झालं. रुग्ण खाटेवर, शस्त्रक्रिया उद्यावर, आणि रेशनकार्डावरचं नाव व आधारवरचं नाव एकाच माणसाचं आहे, हे सिद्ध करायला आम्ही दोन दिवस प्रतिज्ञापत्रं करत फिरलो. टेबलामागचा मुलगा भला होता. तो म्हणाला, ‘चाचा, मला कळतंय हो. पण हे घेत नाही.’ हे म्हणजे संगणक. आयुष्यभर मी शब्दांच्या नादावर जगलो, आणि त्या दिवशी एका वेलांटीनं माणूस अडला होता.

हे फक्त मुसलमानांपुरतं आहे, असं मात्र कुणी समजू नये. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या किती मराठी बायका माहेरच्या आणि सासरच्या कागदांत अडकतात! विजापूरकडचा, बिहारचा, ओडिशाचा माणूस आमच्या मागावर दहा वर्षं उभा असतो आणि त्याचं रेशनकार्ड गावाकडंच असतं. त्याच्या घामाची मोजणी इथं होते, आजारपणाची होत नाही.

नोंद नसणं किती महाग पडतं, तेही आम्ही पाहिलं आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. पंचगंगेचं पाणी आणि आमचं पिणं यांचं नातं सगळ्यांना ठाऊक आहे. गल्लोगल्ली पिवळे डोळे दिसायला लागले, माणसं गेली. प्रत्येक डॉक्टरकडे आपापली वही होती. त्या सगळ्या वह्या रोजच्या रोज एकमेकींशेजारी मांडून अमुक वॉर्डात, अमुक पाइपलाइनवर रुग्ण वाढताहेत, असं सांगणारं कोण? साथींवर लक्ष ठेवणारा केंद्राचा कार्यक्रम २००४ पासून होता, पण त्याचे तक्ते आठवड्याला जायचे आणि खासगी दवाखाने त्यात फारसे नव्हते. आता एप्रिल २०२१ पासून देशभर त्याचा एकात्मिक आरोग्य माहिती मंच झाला आहे. गाव आणि दिनांक यांसह रोजची नोंद त्यात जाऊ शकते. मला विचाराल तर प्लॅटफॉर्मचं सगळ्यात मोलाचं काम हे आहे. त्यात कुणाचा नफा नाही, म्हणूनच त्याची जाहिरातही कुठं दिसत नाही.

मग आला कोरोना. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झालं आणि ‘कोविन’ हा शब्द घराघरांत गेला. ते एका रात्रीत बनलेलं नव्हतं. लशीचा साठा कुठं किती आहे आणि शीतपेटीचं तापमान काय, हे बघणारी ‘ई-विन’ नावाची यंत्रणा २०१५ पासून होती. तिच्या पायावर कोविन उभं राहिलं. आधी कुपीचा हिशेब होता, आता माणसाचा झाला. एकाच यादीवर केंद्र सरकार, राज्यं, खासगी रुग्णालयं आणि बाहेरची ॲपं काम करायला लागली, आणि जुलै २०२२ पर्यंत दोनशे कोटी मात्रांची नोंद त्या वहीत झाली. हे काम थोर होतं, यात शंका नाही.

पण १ मे २०२१ रोजी अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली, तेव्हाचे दिवस आठवून पाहा. नोंदणी ऑनलाइनच करायची आणि संकेतस्थळ इंग्रजीत. ज्याचं इंटरनेट जलद आणि बोटं चपळ, त्याला जागा मिळायची. शहरातली पोरं गाड्या काढून खेड्यातल्या आरोग्य केंद्रावर जायची आणि त्या खेड्यातला शेतमजूर बाहेर उभा राहून बघायचा. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं या डिजिटल दरीवरच बोट ठेवलं. मराठीसह इतर भाषा जूनमध्ये आल्या आणि २१ जूनपासून थेट केंद्रावर जाऊन नोंदणी करता यायला लागली. मग १५ ऑगस्टपासून दोन मात्रा घेतलेल्यांनाच मुंबईच्या लोकलमध्ये प्रवेश. सव्वाशे वर्षांपूर्वीचा प्लेगचा दाखला पुन्हा स्टेशनावर उभा राहिला होता, एवढंच की आता त्याच्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटी होत्या.

या काळात व्यापाऱ्यांनाही अंदाज आला. २००८ मध्ये निघालेलं बंगळुरूचं ‘प्रॅक्टो’ डॉक्टरांच्या वेळा ठरवून द्यायचं. मार्च २०२० मध्ये सरकारनं दूरभाषवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम काढले आणि तो धंदा उघडपणे चालू झाला. ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सनं ‘नेटमेड्स’ घेतलं. जून २०२१ मध्ये टाटांनी ‘वनएमजी’ घेतलं, आणि मुंबईच्या ‘फार्मइझी’नं ‘थायरोकेअर’मधला मोठा हिस्सा विकत घेतला. ही थायरोकेअर डॉ. वेलुमणी यांनी १९९६ मध्ये मुंबईत सुरू केली होती. गावोगावचे रक्ताचे नमुने एका मोठ्या प्रयोगशाळेत आणून स्वस्तात तपासायचे, ही तिची रीत. औषध विकणाऱ्यानं तपासणी करणाऱ्याला का घ्यावं? औषधाच्या दुकानाला तुमची आजची गोळी कळते. तपासणीवरून तुम्हाला पुढं कोणती लागणार, ते कळतं. आमच्या गावातल्या औषधवाल्यांना हे बोर्डरूममधल्या लोकांइतकंच लवकर समजलं होतं. १४ ऑक्टोबर २०१५ आणि २८ सप्टेंबर २०१८ या दोन दिवशी देशभरातल्या औषध दुकानदारांनी ऑनलाइन विक्रीविरुद्ध बंद पाळला, तो त्यामुळंच. पण कोपऱ्यावरचा औषधवाला उधारीवर गोळ्या देतो, तशी ॲपवर वही मांडता येत नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

या सगळ्यावर आता एक मोठं छप्पर घातलं जात आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजी त्याची घोषणा झाली, सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग झाला आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यात प्रत्येकाला चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक. डॉक्टरांची एक नोंदवही, रुग्णालयांची एक नोंदवही. सत्तर कोटींहून अधिक क्रमांक निघाले आहेत. रांगेत उभं न राहता चौकोनी खुणेचा फोटो मारून केसपेपर काढायची सोय २०२२ पासून आली. कागद दिल्लीत एका गोदामात ठेवायचे नाहीत, ते ज्या त्या रुग्णालयाकडेच राहायचे. एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जायचे ते रुग्णानं मोबाइलवर संमती दिल्यावरच. मिरजेच्या रिक्षात बसलेल्या म्हातारीच्या मांडीवरची पिशवी तिलाच परत द्यायचा हा प्रयत्न आहे. कागदावर तरी हा विचार चांगला आहे, असं मला वाटतं.

मोबाइलवर तो कसा उतरतो, हे पाहायचं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयात कित्येक दिवस हातानं कागद लिहावे लागले. त्याच वर्षी आपल्या राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत बाहेरच्या कंपनीनं चालवलेली संगणक यंत्रणा बंद पडली आणि केसपेपर पुन्हा पेनानं सुरू झाले. जून २०२३ मध्ये लसीकरणाच्या नोंदीतले तपशील टेलिग्रामवर कुणालाही मिळत असल्याच्या बातम्या आल्या. त्याच ऑगस्टमध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि ते लागू व्हायचे टप्प्याटप्प्यानं.

परवा गल्लीतल्या एका कांडीवाल्या मावशींचा आभा क्रमांक काढायला मी सोबत गेलो होतो. नाव जुळलं, जन्मसाल जुळलं, बोटाचा ठसा मात्र जुळेना. तीस वर्षं कांड्या भरून बोटाच्या रेषा गुळगुळीत झाल्या आहेत. मग म्हटलं, मोबाइलवर आकडे मागवू. आधारला जोडलेला नंबर मुलाचा निघाला, आणि मुलगा भिवंडीला दिवसपाळीत. त्याला फोन लावला. मागाच्या आवाजात त्याला काही ऐकू येईना. तिसऱ्या खेपेला तो बाहेर रस्त्यावर आला आणि ओरडून सहा आकडे सांगितले. तोवर त्यांची मुदत संपली होती. मावशी म्हणाल्या, ‘राहू दे भाईजान. सुट्टीला येणार हाय तो, तवा बघू.’